कासवपंथीयांचा समाचार

आपल्याकडे भित्र्या माणसाला 'सावध' म्हणतात आणि जो प्रत्येक वेळी एकाच पद्धतीने भितो त्याला 'अनुभवी' म्हणतात. हा घोटाळा शाळेतल्या त्या गोष्टीतल्या कासवाने करून ठेवला आहे. ससा झोपला म्हणून कासव जिंकलं, ही साधी बाब बाजूला ठेवून गुरुजींनी कासवाच्या पाठीचं माहात्म्य आमच्या पाठीवर उमटवलं. तेव्हापासून कासवपंथ जो फोफावला तो फोफावलाच. पंथाचं तत्त्वज्ञान एका ओळीचं आहे: संकट आलं की मान आत घ्यावी. माझी या पंथाविरुद्ध तक्रार आहे आणि ती मी पूर्ण जबाबदारीने, मारामारीच्या व्हिडिओ गेमचा आधार घेऊन मांडणार आहे.

'व्हिडिओ गेम' हा शब्द वाचून ज्या सद्गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवला असेल त्यांनी तो कृपया पुन्हा नाकावर आणावा. नोटा मोजून बोटं झिजलेल्या, चाळिशी उलटलेल्या माणसाने असले पोरखेळ करावेत का, हा प्रश्न २०२३ साली निकालात निघाला आहे. त्या वर्षी हांगचौ इथे झालेल्या आशियाई खेळांत 'स्ट्रीट फायटर ५' या मारामारीच्या खेळाला पदकं होती. सुवर्णपदक घेतलं दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी आणि तेव्हा त्यांचं वय ४४ होतं. त्या वयात आमच्याकडे माणसाला फक्त शुगरचा रिपोर्ट मिळतो.

आता रणभूमीविषयी. आमचं सावंगी (मेघे) वर्ध्याला खेटून आहे. कंसातलं मेघे सोडता येत नाही, नाहीतर पत्र भलत्याच सावंगीला जातं. या राज्यात सावंग्यांना तोटा नाही. १९९० साली इथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय निघालं आणि गावात देशभरची पोरं येऊ लागली. त्यांतले तीन भावी डॉक्टर आमच्या माडीवर भाड्याने राहतात. पोट्टे हुशार! अंगातली २०६ हाडं झोपेत मोजतील. पण रात्री टीव्हीला 'टेकन' लावून बसले की त्यांतल्या प्रत्येकाला मी आठवड्यातून दोनदा तरी आसमान दाखवतो. माझी बोटं त्यांच्याहून संथ आहेत आणि शिक्षण बी.कॉम.पर्यंतच आहे. तरी मी जिंकतो, कारण तिघंही कट्टर कासवपंथी आहेत. 'टेकन' हे नाव 'टेकणे' या क्रियापदापासून आलं असावं अशी त्यांची समजूत दिसते; फटका आला रे आला की कंट्रोलरची कळ मागे दाबायची आणि बचावाला टेकून बसायचं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं शास्त्र सांगतो. यात बचाव दोन प्रकारचा, उभ्याने आणि बसून. उभ्याने अडवलं तर डोक्यावरचे आणि पोटावरचे फटके अडतात, पण पायावरची लाथ लागते. शिवाय गळ्यात पडून आपटणाराही उभ्यालाच पकडतो. बसून अडवलं तर लाथ अडते, पकडणाऱ्याचे हात डोक्यावरून हवेत जातात, पण पोटावर मारलेला फटका नेमका थोबाडावर बसतो. म्हणजे सगळं अडवील अशी ढाल या आखाड्यात ठेवलेलीच नाही. दगड-कागद-कात्रीचाच हा सजवलेला अवतार. त्यात कायम दगडच दाखवणारा मुलगा स्वतःला खंबीर समजतो. समोरचा शांतपणे कागद उघडतो.

कोणी म्हणेल, समोरच्याचा हात बघावा आणि मग ठरवावं. बघा बापडे! हा खेळ सेकंदाचे साठ तुकडे करून चालतो. टेकनमधला साधा चपळ ठोसा दहाव्या तुकड्याला लागतो, म्हणजे सेकंदाच्या एक षष्ठांशात. डोळ्याने पाहून बोटाने बटण दाबायला धडधाकट माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद तरी लागतो. तेव्हा ठोसा पाहून अडवायला निघालेला माणूस म्हणजे एस.टी. सुटल्यावर स्टँडवर पोचलेला माणूस. म्हणून दोघेही अंदाजावर खेळतात. आणि अंदाज कशाचा? तर सवयीचा. हात लपवता येतो, सवय लपवता येत नाही.

इथे काउंटर माझ्या कामी येतो. वीस वर्षं काचेमागे बसलेल्या माणसाला पलीकडच्याच्या सवयी वाचण्यापलीकडे करमणूक नसते. 'फक्त एक मिनिट' म्हणणारा अर्धा तास घेणार. 'मला घाई नाही' म्हणणारा तीन मिनिटांत मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरणार. तीच नजर मी घरी माडीवर नेतो आणि तिथे मला कासवांच्या चार जाती दिसतात.

पहिली जात सावकारी कासवाची. याने एक फटका अडवला की व्याजासकट परतफेड म्हणून ताबडतोब ठोसा मारायचाच. मी एक फटका मारतो, पुढचा मारतच नाही, खाली बसतो. त्याचा ठोसा डोक्यावरून जातो आणि मग मी मुद्दल वसूल करतो. दुसरी जात लाथाळ. पडलं की लाथ झाडतच उठायचं. जमिनीवरून उठायचे या खेळात किती मार्ग! सरळ उठा, बाजूला लोळा, मागे कोलांटी घ्या, नाहीतर नुसते पडून राहा. पण नाही, लाथ! मी अडवून उभा राहतो आणि पुन्हा झोपवतो. तिसरं कासव माघारी. ते मागे मागे सरकत राहतं. २००१ च्या 'टेकन ४' पासून या आखाड्याला भिंती आल्या आहेत, ही बातमी त्याला पाठ भिंतीला लागल्यावर कळते. चौथं बसकं. प्राण कंठाशी आला की ते हमखास खाली बसतं, आणि मी हमखास पोटावर मारतो.

एकदा यांतल्या वऱ्हाडी कासवाने मला तळमळून विचारलं, "मंग काय जी काका, ब्लॉकच नाही करायचा काय? मार खात बसायचं?" कासवपंथाचा हा ठेवणीतला युक्तिवाद. तुम्ही सवयीवर बोट ठेवलं की ते बचावाच्या बाजूने भाषण सुरू करतात. अरे बाबा, मी ढालीच्या विरुद्ध नाही. ढाल रोज त्याच खुंटीला टांगण्याच्या विरुद्ध आहे. कुलूप जरूर लावावं. पण किल्ली गणपतीच्या कॅलेंडरमागे ठेवणारं घर कुलूप लावतं कशाला? चोराच्या घरीसुद्धा तेच कॅलेंडर असतं.

कासवांचे विरोधक म्हणवणारा दुसरा एक पंथ आहे, त्याच्याशीही माझं जमत नाही. १९९८ साली 'टेकन ३' प्लेस्टेशनवर आल्यानंतर गावोगावच्या पार्लरांमध्ये जे वाढले त्यांना हा पंथ आठवेल: एडी नावाचा ब्राझीलचा लाथामारू गडी घ्यायचा आणि दिसेल ते बटण बडवायचं. या लोकांचा दावा असा की, आमचं आम्हालाच ठाऊक नाही, तर समोरच्याला काय कळणार! कळतं. बटणं चार आणि अंगठे दोन. तिसऱ्या फेरीपर्यंत त्या बडवण्यालाही ताल येतो. आणखी एक नेमस्त पंथ म्हणतो, एकदा उभं राहू, एकदा बसू. हे म्हणजे सोमवारी वरण, मंगळवारी पिठलं. पालट झाला हे खरं, पण मंगळवारी काय मिळणार हे गल्लीतल्या मांजरालाही ठाऊक असतं. गणिती जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ सालीच दाखवून दिलं की एकाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा अशा दोघांच्या खेळात चाली अशा मिसळाव्यात की समोरच्याला अंदाज आला तरी त्याचं भांडवल करता येऊ नये. मिसळाव्यात म्हणाले ते. वेळापत्रक लावावं असं म्हणाले नाहीत.

खेळ बनवणाऱ्यांनाही बहुधा कासवांचा कंटाळा आला असावा. २६ जानेवारी २०२४ ला, म्हणजे आमची बँक बंद असताना, 'टेकन ८' बाजारात आला. त्यात गडी एकदा 'हीट'मध्ये शिरला की त्याचे जोरकस फटके अडवले तरी थोडं रक्त जातंच. बचावावर जीएसटी बसावा तसं हे झालं. स्ट्रीट फायटरच्या घराण्यात हा कर जुनाच, आणि या करानेच या खेळाच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला क्षण घडवला.

२००४ साली कॅलिफोर्नियातल्या 'इव्हो' स्पर्धेत जपानचा डायगो उमेहारा आणि अमेरिकेचा जस्टिन वाँग 'स्ट्रीट फायटर ३'वर समोरासमोर होते. डायगोच्या गड्याचं रक्त संपल्यातच जमा होतं, नावापुरती रेघ उरलेली. वाँगने आपला पंधरा लाथांचा हुकमी हल्ला सोडला. त्याचा हिशेब बिनतोड होता: डायगो अडवील, अडवताना जो कर कापला जाईल त्यानेच मरेल. म्हणजे बघा, तिथे ढाल घेणं हेच मरण होतं. त्या खेळात एक सोय आहे. फटका लागण्याच्या नेमक्या क्षणी कळ मागे न दाबता पुढे, शत्रूच्या दिशेने दाबली, तर फटका फुकट जातो आणि करही लागत नाही. क्षण चुकला तर मात्र फटका पुरा. डायगोने हे एकदा नव्हे, ओळीने पंधरा वेळा केलं, शेवटची लाथ हवेत उडी घेऊन परतवली आणि उतरता उतरता सामना पलटवून टाकला. सभागृह वेडं झालं. माझ्या मते त्या पंधरा लाथांचं सार एवढंच की वाँगची गणना चुकली नव्हती, गृहीत चुकलं होतं. गृहीत असं की, घाबरलेला माणूस मागेच सरतो.

आमच्या विदर्भाला हे नवं वाटू नये. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी ज्या कबड्डीचं प्रदर्शन केलं, तिच्यात तरी काय आहे? जो कोपऱ्यातला गडी दरवेळी घोट्यावरच झेपावतो त्याला चढाई करणारा मुद्दाम पाय दाखवतो. पाय हे आमिष असतं. गळाला सवय लागते.

"चालू द्या तुमचे खेळ," असं म्हणून पान उलटणाऱ्यांनी एवढं ऐकून उलटावं.

मध्यंतरी एक निवृत्त शिक्षक आमच्या काउंटरवर मुदत ठेव मोडायला आले. जन्मभर जपून वागलेला माणूस. रात्री कडी तीनदा तपासणाऱ्यांतला. बँकेने अशा वेळी काय विचारायचं हे ठरलेलं असतं आणि ते मी विचारलं, "सर, एवढी रक्कम कशासाठी?" "घराच्या कामाला," सर म्हणाले. उत्तर इतकं चटकन आलं की मला माडीवरचं सावकारी कासव आठवलं. बँक काय विचारणार हे आम्हाला जसं ठाऊक असतं तसं ठगांनाही ठाऊक असतं. ते उत्तर आधीच पढवून पाठवतात. आमचा प्रश्न म्हणजे आमचा ठरलेला ब्लॉक. म्हणून मी दुसरीकडून शिरलो: "मिस्त्री कोणता लावला, सर? आमच्याही माडीला ओल आली आहे." सर गप्प झाले. मिस्त्री कोणी पढवला नव्हता. मी पैसे काढायची स्लिप उलटी करून तीवर लिहिलं, 'खिशातला फोन चालू आहे का?' सरांनी मान हलवली आणि त्यांचे डोळे भरून आले. दोन दिवस कोणीतरी पोलीस बनून त्यांना घरातल्या घरात 'डिजिटल अरेस्ट'मध्ये ठेवलं होतं. असली अटक कायद्यात नाही. पण सरांची सवय होती: साहेबी आवाज आला की उलट बोलायचं नाही, घरची गोष्ट बाहेर सांगायची नाही, पैसे देऊन प्रकरण मिटवायचं. सद्गुणच म्हणायचे हे! त्या ठगाने सरांना पाहिलंसुद्धा नव्हतं, पण हे सद्गुण त्याला पाठ होते. फोन बंद केला, ठेव राहिली, आणि सायबर तक्रारीच्या १९३० या क्रमांकावर पुढचं बोलणं सरांनी स्वतः केलं, वर्गातल्या खणखणीत आवाजात.

तेव्हा कासवांनो, तुमची पाठ कठीण आहे याबद्दल वाद नाही. पण समोरचा पाठीवर मारतच नाही. मान केव्हा आत जाते आणि केव्हा बाहेर येते, याची तो वही ठेवतो. त्या वहीतला हिशेब अधूनमधून चुकवा. एकदा पुढे सरका. एकदा नुसते पडून राहा. एकदा साहेबी आवाजाला उलट विचारा, "आपण कोण?"

आणि माडीवरच्या तिन्ही कासवांना एक वेगळी सूचना. भाडं थकलं की दरमहा दहा तारखेला 'काका, एटीएम बंद होतं' हा बचाव करता, तो आता बदला. समोरचा गडी बँकेत नोकरीला आहे.