जवळचे लक्ष्य आणि धावण्याची शिस्त

स्वयंशिस्त म्हणजे देखरेखीला कोणी नसताना आणि मनाची तयारी नसतानाही ठरलेले काम ठरल्या वेळी करण्याची सवय. ती कशी लागते, याचे आपल्याकडे रूढ असलेले उत्तर असे: ध्येय मोठे ठेवा, संकल्प कडक करा, शिस्त मागोमाग येईल, आठवड्या-पंधरवड्याची लक्ष्ये म्हणजे मनाची समजूत. ऐकायला हे मत भारदस्त आहे. धावण्याच्या सरावात ते टिकत नाही, आणि सेमाडोहसारख्या गावी तर मुळीच नाही.

सेमाडोह हे चिखलदरा तालुक्यातले, परतवाडा-धारणी रस्त्यावरचे, सिपना नदीकाठचे गाव. भोवती मेळघाट व्याघ्रप्रकल्पाचे जंगल. अशा भागातील तरुण धावू लागतो तो बहुधा भरतीसाठी. वनरक्षक भरतीत पुरुषांना 5 आणि महिलांना 3 किलोमीटर धावावे लागते. शिवाय चार तासांत अनुक्रमे 25 आणि 16 किलोमीटर चालण्याची चाचणी असते. पोलीस भरतीत पुरुषांना 1600 मीटरचे पूर्ण 20 गुण हवे असतील, तर ते अंतर 5 मिनिटे 10 सेकंदांत संपवावे लागते. ‘वर्दी मिळवायची’ हे झाले मोठे ध्येय. पण जाहिरात कधी निघेल याचा नेम नसतो. खरिपानंतर अनेक कोरकू कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडतात आणि होळीला परततात. वर्षभराचे वेळापत्रक पहिल्याच स्थलांतरात मोडते. मग ‘पोरात जिद्दच नाही’ असा ठपका ठेवायला सगळे मोकळे. ‘या पंधरवड्यात आठवड्यातून तीन दिवस, न थांबता वीस मिनिटे’ हे लक्ष्य मात्र बिऱ्हाडाबरोबर नेता येते. दिवसभराच्या मजुरीनंतर तिनाचे दोन दिवस करावे लागले तरी ते लक्ष्यच राहते. पहाटे अंधारात जंगलरस्त्यावर धावण्याला कोणी कडक शिस्त म्हणत असेल, तर वाघ-अस्वलांच्या मुलखात तो निव्वळ अविचार आहे. उजाडल्यावर धावले तरी शिस्त उणावत नाही.

जवळच्या लक्ष्याच्या बाजूने पुरावाही आहे. अल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक यांनी 1981 मध्ये गणितात फार मागे असलेल्या मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांना दर बैठकीला सहा पाने सोडवण्याचे लक्ष्य सुचवले. काहींना सात बैठकांत मिळून 42 पाने. काम तेवढेच. पहिल्या गटाने गणितात चांगली मजल मारली, त्यांचा आत्मविश्वास आणि विषयातली गोडीही वाढली. दूरचे लक्ष्य मिळालेली मुले मात्र कोणतेच लक्ष्य न मिळालेल्यांपेक्षा फारशी पुढे गेली नाहीत.

धावण्यात याला शरीराचेही कारण आहे. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात, दम टिकू लागतो. स्नायूबंध आणि हाडे मागून येतात. पहिल्याच आठवड्यात पूर्ण 5 किलोमीटर जीव तोडून धावणाऱ्याच्या नडग्या दुखू लागतात आणि सराव थांबतो. तेथे संकल्प कमी पडलेला नसतो, हिशेब चुकलेला असतो.

मोठ्या ध्येयाचे समर्थक नामवंत धावपटूंकडे बोट दाखवतात. मग बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांची कामगिरी जरा बारकाईने पाहावी. 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये गोपाळ सैनी यांचा 1981 पासूनचा 8 मिनिटे 30.88 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम साबळे यांनी 2018 मध्ये 8:29.80 अशा वेळेने मोडला. 2019 मध्ये वेळ आली 8:28.94, म्हणजे सुधारणा सेकंदाहूनही कमी. 2024 मध्ये पॅरिसला ती 8:09.91 पर्यंत खाली आली, आणि तोवर हा विक्रम त्यांनी दहा वेळा सुधारला होता. एवढ्याने सिद्धांत सिद्ध होत नाही; पण एकवीस सेकंद एका उडीत कमी झाले नाहीत, एवढे निश्चित दिसते.

दुसरा आक्षेप तालमीच्या वळणाचा: एकही खाडा चालणार नाही, खाडा झाला की शिस्त संपली. लंडनमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सवयी कशा जडतात हे तपासले, तेव्हा एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडत नसल्याचे आढळले. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, व्यक्तीगणिक 18 पासून 254 पर्यंत. एकवीस दिवसांत शिस्त लावून देणाऱ्या व्याख्यात्यांनी हा पल्ला पाहावा.

तिसरा आक्षेप खरा आणि जड आहे. कुपोषणासाठी नाव झालेल्या मेळघाटात उपाशी माणसाला शिस्त शिकवणे म्हणजे व्यवस्थेचे अपयश त्याच्या माथी मारणे. हे मान्यच करावे लागते. पोटभर अन्नाची सोय नसेल तेथे सरावाचे अंतर वाढवू नये, आणि धावण्याचा उपदेश रेशन किंवा रोजगार हमीच्या जागी तर कधीच येऊ नये. पण या आक्षेपाने धावण्याची पद्धत खोटी ठरत नाही, तिची पूर्वअट कळते.

राहता राहिले ‘भरती झाली की धावणे संपते’ हे म्हणणे. पुष्कळांचे संपते, कारण त्यांच्यापुढे लक्ष्य एकच होते आणि ते गाठले गेले. ज्याला दर पंधरवड्याला नवे लक्ष्य ठरवण्याची सवय लागलेली असते, त्याला निवड झाल्यावर पुढचेही ठरवता येते. वनरक्षकाला तर पायी गस्त नोकरीभर चुकत नाही.