वजन उतरवायचे आहे, पण गुडघे ऐकत नाहीत

आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हल्ली वारंवार असतो. "पंचेचाळिशी उलटली, अंग जड झाले. डॉक्टर म्हणतात वजन कमी करा, रोज व्यायाम करा. पण वेशीपर्यंत गेले तरी गुडघे ठणकतात, धाप लागते. व्यायाम करायचा तरी कसा?" बहुतेक पत्रे भगिनींची असतात. एकीने शेवटी थोडे रागानेच लिहिले आहे, "दिवसभर घरात आणि शेतात राबतेच आहे, आणखी कसला व्यायाम?" तिचा राग रास्त आहे, म्हणून आधी त्याचेच पाहू.

राबणे खरे, पण त्याची जात बदलली. जाते गेले, गिरणी आली. विहिरीवरून डोक्यावर येणारे पाणी पुष्कळ घरी नळाने येऊ लागले. नांगरामागे दिवसभर चालणारा गडी ट्रॅक्टरवर बसला, मळणी यंत्राने खळ्यातली पायपीट संपवली, शिवारात जायला मोटारसायकल आली. मोटार चालू करायला रात्री-बेरात्री विहिरीवर जावे लागे, ते कामही आता काही जण घरबसल्या मोबाईलवरून करतात. हे सगळे चांगलेच झाले; कोणी पुन्हा जात्यावर बसावे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. पण चालणे घटले त्या मानाने ताट घटले नाही. उरले ते काम ओणवे राहून किंवा उकिडवे बसून करण्याचे. त्याने कंबर मोडते, जीव दमतो, पण चरबी झडतेच असे नाही.

सन २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या १५ ते ४९ वयाच्या दर पाच बायकांत सुमारे एक अशक्त, म्हणजे वजनाने फार कमी निघाली आणि जवळजवळ एक फाजील वजनाची निघाली. एकाच गल्लीत, कधी एकाच घरात, दोन्ही असतात. तेव्हा शेजारणीने केले म्हणून आपण जेवण कमी करायचे नाही. आधी आपण कोणत्या बाजूला आहोत ते पाहावे.

त्याला वजनकाटा लागत नाही. एक सुतळी घ्यावी. भिंतीला पाठ लावून उभे राहावे आणि टाचेपासून डोक्यापर्यंत उंची मापून तेवढी सुतळी तोडावी. तिची मधोमध घडी घालावी आणि ही अर्धी सुतळी बेंबीच्या पातळीवर कमरेभोवती गुंडाळावी. श्वास सहज सोडलेला असावा, पोट आत ओढून स्वतःलाच फसवू नये. दोन टोके आरामात भेटली तर ठीक. भेटत नसतील तर पोटावर चरबी साठली आहे आणि रक्तदाब, मधुमेह यांना वाट मोकळी होते आहे असे समजावे. गरोदर स्त्रीने ही परीक्षा करू नये, आणि अंगावर दूध पाजणारीने खाणे कमी करू नये.

आता मूळ प्रश्न. ज्याचे गुडघे दुखतात त्याने पहिल्या दिवशी चालायला निघूच नये, असे आमचे मत आहे. पहिला महिना काम हाताला आणि तोंडाला द्यावे. कारण हिशेब असा, की अर्धा तास सावकाश चालून जेवढे जळते ते आपल्याकडच्या एका मोठ्या भाकरीइतकेही नसते. वजन उतरायला लागते ते ताटापासून. चालण्याचे फायदे वेगळे आहेत, त्यांच्याकडे येऊच.

सुरुवात चहापासून करावी. आपल्या घरी दिवसाला पाच कप चहा सहज होतो. उठल्यावर, न्याहारीला, शेतावर, पाहुणा आला म्हणून, दिवेलागणीला. कपाला दोन चमचे साखर धरली तर दहा चमचे, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम. महिन्याला दीड किलो साखर एका माणसाच्या पोटात, आणि तीही नुसत्या चहातून! एकदम बिनसाखरेचा चहा कोणाच्या घशाखाली उतरत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात कपाला अर्धा चमचा कमी करावा, पुढच्या आठवड्यात आणखी अर्धा. पाचातले दोन कप गाळावेत. जीभ महिन्याभरात रुळते. गुळाचा चहा केला म्हणजे सुटलो असे पुष्कळांना वाटते, पण वजनाच्या बाबतीत गूळ आणि साखर सख्ख्या बहिणी आहेत.

मग तेल. माणशी महिन्याला अर्धा किलोपेक्षा जास्त तेल लागू नये. पाच माणसांच्या घरात अडीच किलो. तुमच्याकडे डबा किती दिवसांत संपतो ते पाहा. घाण्याचे असो वा पाकिटातले, तेल ते तेलच. फोडणीला डब्यातून सरळ ओतण्याऐवजी पळीने मोजून घालावे. भाजीत शेंगदाण्याचे कूट मुठीने पडते, तिथेही हात आवरावा. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे तेलच असते.

भाकरी सोडू नये. ज्वारी-बाजरीची भाकरी हे चांगले अन्न आहे, ती सोडून बिस्किटे खाणारे आम्ही पाहिले आहेत. तीन खात असाल तर अडीच करा, पंधरा दिवसांनी दोन. रिकाम्या जागी मटकीची उसळ, घट्ट वरण, पालेभाजी, काकडी-मुळा, पातळ ताक येऊ द्या, म्हणजे तासाभरात भूक लागत नाही. रात्रीचे जेवण निजायच्या दोन तास आधी उरकावे. राहिले उपवास. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आपल्या अनुभवातूनच आली आहे. साबुदाणा म्हणजे बव्हंशी निव्वळ पिष्ट, त्यात कूट आणि तूप! वजनासाठी म्हणून कोणी उपवास करत असेल तर साबुदाण्यावर करू नये.

घरात एकीसाठी वेगळा स्वयंपाक होत नाही आणि होऊही नये. तेल-साखर कमी झाली तर मोठ्यांपैकी सगळ्यांचेच भले आहे. वाढत्या पोरांना मात्र दूध, भाकरी, शेंगदाणे पोटभर द्यावेत. सासूबाईंनी, जाऊबाईंनी आग्रहाने वाढणे तेवढे थांबवावे.

आता चालण्याकडे येऊ. गुडघ्याला आधार देणारा मांडीचा स्नायू आधी घट्ट करावा. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करावा, पाच आकडे मोजेपर्यंत धरावा, खाली घ्यावा, मग दुसरा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. ते जमू लागले की खुर्चीवरून, लागल्यास हाताच्या आधाराने, उठावे आणि सावकाश बसावे, पाच वेळा. एवढे आठ-दहा दिवस झाल्यावर पाच मिनिटे चालावे. पाचच! दिवसातून दोनदा. दर आठवड्याला मिनिट-दोन मिनिटे वाढवावीत. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, एवढाच वेग. झिजलेली चप्पल नको. खुरपणीला तासन्‌तास उकिडवे बसू नये. लहानसे स्टूल घ्यावे, किंवा जमेल तिथे उभ्याने सायकल कोळपे चालवावे.

बायकांची एक अडचण पुस्तकांत लिहिलेली नसते. कामाशिवाय रस्त्याने चालणारी बाई गावाला खटकते. "हिला काय काम नाही का?" हे शब्द गुडघ्यापेक्षा जास्त पाय धरतात. एकटीने निघण्यापेक्षा दोघी-तिघींनी निघावे. बचत गटातल्या बायका मिळून निघाल्या की चार दिवसांत गावाची नजर मरते. तोवर अंगण आहे, खळे आहे, देवळाची प्रदक्षिणा आहे. अंधारात बांधावरून मात्र जाऊ नये, साप-किरडूची भीती असते.

फळ केवढे, तेही सांगतो. वजनाचा एक किलो उतरला की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे गुडघ्याच्या रोग्यांवर झालेल्या अभ्यासात मोजले गेले आहे. ८० किलोच्या बाईचे चार किलो वर्षभरात उतरले तरी गुडघा ते ओळखतो. आणि काटा हललाच नाही तर? चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसांना चालणे आणि बेताचे जेवण यांची सवय लावली. सन २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मधुमेह होण्याचे प्रमाण पाव हिश्शाहून जास्त घटले, आणि गंमत अशी की त्या लोकांचे वजन फारसे उतरलेले नव्हते! चालणे वाया जात नाही ते असे.

मात्र काहींनी आधी डॉक्टरांना भेटावे. चालताना छातीत दाटते, पायावर सूज येते, थोडक्या दिवसांत वजन भराभर वाढले आहे, अशांनी घरी प्रयोग करू नयेत. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण कमी केले तर साखर एकदम उतरून घेरी येऊ शकते. औषधाचे प्रमाण विचारून घ्यावे. तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. जाहिरातीतल्या पुड्या आणि महिन्यात दहा किलोची हमी देणारे यांना दारात उभे करू नये. आठवड्याला अर्धा किलो ही वरची मर्यादा समजावी, महिन्याला एक किलो उतरला तरी उत्तम.

सुतळी टाकून देऊ नका. आजच्या कमरेच्या मापाची दुसरी सुतळी घेऊन तिला गाठ मारा आणि खुंटीला टांगून ठेवा. रोज मापू नये, जीव उगाच खालीवर होतो. दर पौर्णिमेला मापावे. तीन पौर्णिमांनंतर गाठ किती बोटे सरकली, ते आम्हाला कार्डाने कळवा.