आमची बॅग कुणी वाहिली?

गेल्या डिसेंबरात आम्ही नेरुळच्या पाचजणी दोन दिवस माथेरानला गेलो. ठाण्यामार्गे लोकलने नेरळ, तिथून टॅक्सीने दस्तुरी नाका. मुक्काम इंग्रजांच्या काळातल्या एका बंगल्यात होता. आता तिथे हॉटेल आहे. ऐसपैस व्हरांडा, अंगावर शाल, हातात आयता चहा. आमच्यातली साठीची मैत्रीण म्हणाली, “लग्नानंतर आज पहिल्यांदा उठल्याउठल्या गॅस पेटवला नाही.”

१८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट इथे आले आणि पुढे साहेबलोकांचे बंगले उभे राहिले. १९०७ मध्ये छोटी रेल्वे आली. गावात मोटारींना बंदी असल्याने झाडी टिकली, हवा स्वच्छ राहिली. पण बरेचसे सामान माणसांना वाहावे लागते. दस्तुरीवरून आमच्या बॅगा एका बाईने डोक्यावर घेतल्या. पायथ्याच्या वाडीतून, घरचा स्वयंपाक उरकून, ती पहाटेच डोंगर चढून आली होती.

कुणी म्हणेल, मग जाऊच नका. मला ते पटत नाही. घराबाहेर पडून निवांत बसण्याचा बाईला हक्क आहेच. पण मग तो तिलाही हवा. म्हणून मैत्रिणींनो, जरूर जा. बॅग हलकी भरा, मजुरीत घासाघीस करू नका. आणि निघताना मॅनेजरला एवढे विचारा : खोल्या झाडणाऱ्या बाईला आठवड्याची भरपगारी सुटी मिळते का?