पत्रा कापताना

पावसाळा तोंडावर आला की सानपाडा-तुर्भे पट्ट्यातल्या जुन्या शेडांचे पत्रे बदलायची लगबग सुरू होते. करड्या सिमेंटच्या पत्र्यावर ग्राइंडर फिरतो, पांढुरकी धूळ उडते आणि कामगाराच्या नाकावर फार तर रुमाल. जुन्या पत्र्यात बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतंच.

त्याचा सूक्ष्म तंतू रुमाल ओलांडून थेट फुप्फुसात उतरतो. तिथल्या भक्षक पेशी त्याला गिळायला धावतात. पण तंतू पेशीपेक्षा लांब असला तर तो अर्धाच आत जातो. धड गिळवत नाही, धड सोडवत नाही. पेशी दाहक रसायनं ओकत मरते, तंतू जसाच्या तसा उरतो आणि पुढची पेशी त्याच्यावर तुटून पडते. वर्षानुवर्षं हेच. त्यातून डीएनएला इजा होते. कर्करोग दिसायला वीस ते चाळीस वर्षं जातात. तोवर ठेकेदारही आठवत नाही.

पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस सुरक्षित, हा उद्योगाचा दावा आम्हाला मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं सगळेच प्रकार कर्करोगकारक ठरवले आहेत. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्यनोंदी ४० वर्षं जपायला सांगितलं. घाटकोपरच्या हिंदुस्तान फेरोडो कारखान्यात अ‍ॅस्बेस्टॉसची ब्रेक लायनिंग बनवणाऱ्यांच्या पाठीशी निदान युनियन होती. नाक्यावरून आणलेल्या रोजंदाराची नोंद कोण ठेवणार?

वाचकहो, तुमच्या गाळ्याचं छत उतरवायचं असेल तर पत्रा कोरडा कापू देऊ नका. पाणी मारा, बोल्ट सोडवा आणि तो अखंड उतरवून घ्या.