बोटाखालचे चार तोळे

अंबाजोगाई हे लिहित्या हातांचे गाव. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी येथे आहे. त्यांच्या 'विवेकसिंधू'चा काळ परंपरेने इ. स. 1188 मानला जातो. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत दासोपंतांनी येथेच कापडाच्या लांबच लांब पटावर 'पासोडी' लिहिली. त्यांना रोज एका ढबू पैशाची शाई लागत असे, अशी आख्यायिका आहे. जैन घरांतही लेखनसाधनांचा मान जुना आहे. श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी, दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी आणि व्यापारी घरांत दिवाळीचे वहीपूजन हे त्या आदराचेच प्रकार होत.

साधने मात्र बदलत गेली. बोरू गेला, टाक गेला. 1955 साली गोदरेजने भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले. त्याचेही उत्पादन 2009 मध्ये थांबले. आज रोजमेळ टॅलीत उतरतो आणि पेढीवरच्या माणसाची बोटे दिवसभर कळफलकावर असतात. बोरू छाटताना पूर्वीचे मुनीम त्याच्या टोकाचा तिरकेपणा निरखून पाहत. संगणकासोबत आलेला कळफलक मात्र कोणी पारखून घेत नाही. अलीकडे तरुण पिढी घरात 'मेकॅनिकल कीबोर्ड' मागू लागली आहे. सहाशे रुपयांची वस्तू असताना अडीच-तीन हजार किंवा त्याहून अधिक कशासाठी द्यायचे, हा वडीलधाऱ्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर कळीच्या पोटात पाहावे लागते.

साध्या कळफलकात कळीखाली रबराची लहान टोपी असते. ती पूर्ण दबली की तिच्याखालचे प्लास्टिकचे दोन पापुद्रे एकमेकांस टेकतात आणि अक्षर उमटते. म्हणून प्रत्येक कळ तळापर्यंत दाबावी लागते. मेकॅनिकल प्रकारात प्रत्येक कळीला तिचा स्वतंत्र स्विच असतो. त्यात एक स्प्रिंग, एक दांडी आणि धातूच्या दोन पट्ट्या असतात. कळ एकूण सुमारे 4 मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर निम्म्या वाटेवर, सुमारे 2 मिलिमीटरवरच उमटते. सराव झालेल्या बोटाला तळावर आपटण्याची गरज उरत नाही. दिवसाला हजारो कळा दाबणाऱ्या हाताला हा फरक जाणवतो.

या स्विचांची रूढ वर्गवारी जर्मनीच्या चेरी कंपनीच्या रंगांवरून चालते. तिच्या पेटंटची मुदत संपल्यावर गॅटेरॉन, कैल्ह, आउटेमू अशा चिनी कंपन्यांनी त्याच धर्तीचे स्विच काढले आणि किमती आवाक्यात आल्या. लाल स्विच सरळ, गुळगुळीत खाली जातो. तपकिरी स्विचमध्ये अक्षर उमटण्याच्या जागी बोटाला हलका उंचवटा जाणवतो. निळ्यात तो उंचवटा तर असतोच, शिवाय प्रत्येक दाबाला 'टिक्' असा स्पष्ट आवाज होतो.

दाबाचे माप व्यापारी वाचकांना तोळ्यांत सहज समजेल. एक तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम. चेरीचा लाल स्विच दबण्यास सुमारे 45 ग्रॅमचा भार लागतो, म्हणजे जवळजवळ चार तोळे. निळ्याला सुमारे 60 ग्रॅम, म्हणजे पाच तोळ्यांहून किंचित अधिक. तपकिरी या दोहोंच्या मध्ये बसतो. एका तोळ्याचा फरक एका दाबात कळत नाही. संध्याकाळपर्यंत करंगळीला तो कळतो.

करंगळीचा उल्लेख मराठी लिहिणाऱ्यांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. इन्स्क्रिप्ट मांडणीत स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात. क, ग, त, द साध्या दाबाने मिळतात. ख, घ, थ, ध यांसाठी शिफ्टची कळ धरावी लागते आणि ती करंगळीकडे असते. त्यामुळे मराठीत दीर्घ लेखन करणाऱ्याने हलका स्विच पाहावा. मेकॅनिकल कळफलकावर देवनागरी अक्षरे छापलेली क्वचितच मिळतात. स्टिकर लावून घ्यावे लागतात.

घरातील मुलगा किंवा मुलगी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेची तयारी करीत असेल, तर आणखी एक विचार करावा. शासकीय लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीचा मिनिटाला 30 किंवा इंग्रजीचा 40 शब्दांचा वेग लागतो. सुरुवातीच्या सरावाला तपकिरी स्विच चांगला, कारण कळ कोठे लागली हे बोटाला कळते. परीक्षा केंद्रावर मात्र बहुधा साधाच कळफलक समोर येतो. शेवटचा महिना तशाच कळफलकावर सराव केला नाही, तर घरी कमावलेला वेग तेथे अडखळेल.

पेढीचा विचार वेगळा करावा लागतो. टॅलीत पेमेंटला एफ-5, विक्रीला एफ-8, खरेदीला एफ-9 अशा वरच्या ओळीतील कळा सतत लागतात आणि रकमा उजवीकडच्या अंकफलकावरून भराभर भरल्या जातात. देखणे दिसणारे छोटे 61 कळांचे कळफलक या कामाला निरुपयोगी आहेत. त्यांत या दोन्ही गोष्टी नसतात. हिशेबासाठी 104 कळांचा पूर्ण कळफलकच घ्यावा.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. स्विचमधील धातूच्या पट्ट्या झिजल्या किंवा त्यांत धूळ शिरली, की एका दाबाला अक्षर दोनदा उमटू शकते. पत्रात एखादे अक्षर दोनदा आले तर हसून सोडता येते. पाच हजारांच्या नोंदीत एक शून्य वाढले, तर शेतकऱ्याची पट्टी चुकते, जीएसटीचे विवरणपत्र चुकते आणि आडतदाराची पत पणाला लागते. मोंढ्यात सोयाबीन, तूर, हरभऱ्याची आवक सुरू झाली की पेढीवर दिवसभर धूळ उडते. अशा जागी साधा कळफलकच व्यवहार्य ठरतो: त्यात धूळ सहसा संपर्काच्या जागेपर्यंत पोचत नाही आणि तो बिघडला तरी सहाशे रुपयांत बदलता येतो. पेढीवर मेकॅनिकलच हवा असेल, तर धूळरोधक 'बॉक्स' पद्धतीचे स्विच पाहावेत आणि काम संपताच कापड झाकावे. स्विच सोल्डरिंगविना उपटून बदलता येतील असा 'हॉट-स्वॅप' कळफलक असल्यास एका कळीसाठी अख्खी वस्तू टाकावी लागत नाही.

मग मेकॅनिकल कळफलकाची खरी जागा कोणती? घरातले अभ्यासाचे टेबल, किंवा रात्री शांतपणे हिशेब मिळवण्याची खोली. पण तेथे घर सगळ्यांचे असते. एकाच मोठ्या खोलीत सूनबाई नोंदी करीत असतील आणि कोपऱ्यात आजी सामायिकाला बसल्या असतील, तर निळ्या स्विचची टिकटिक त्या 48 मिनिटांत सतत कानावर पडत राहील. अशा घरासाठी 'सायलेंट' लाल स्विच मिळतो. त्याच्या दांडीला रबराची लहान गादी असते आणि आपटण्याचा आवाज पुष्कळ कमी होतो. निळा स्विच ज्याची खोली स्वतंत्र आहे, त्याने घ्यावा.

हलक्या लाल स्विचचाही एक दोष आहे. बोट नुसते टेकले तरी अंक उमटू शकतो. बोटे जड ठेवण्याची सवय असलेल्या माणसाने हिशेबासाठी तपकिरीच निवडावा. शक्यतो लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरला जाणे होईल तेव्हा दुकानात प्रत्यक्ष हात ठेवून पाहावा. ऑनलाइन घेतल्यास परत करण्याची मुदत संपण्याआधी कोऱ्या पानावर प्रत्येक कळ वीस-पंचवीस वेळा दाबून दुहेरी अक्षर येते का, हे तपासावे. अंकफलकावरचे शून्य सर्वांत आधी.

मेकॅनिकल कळफलकाने मनगटाचे दुखणे बरे होते, हा समज चुकीचा आहे. हे कळफलक उंचीला जास्त असतात, त्यामुळे मनगट वर वाकते. कोपराच्या पातळीत टेबल ठेवावे, मागचे पाय उघडू नयेत. बोटांना मुंग्या येत राहिल्या तर नवा स्विच शोधण्यापेक्षा गावातील स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवावे.

रंगीत दिवे, चकाकत्या कळा, संग्रहासाठी दुसरा-तिसरा कळफलक यांचा मोह या छंदात फार लवकर येतो. परिग्रहाचे परिमाण मानणाऱ्या घराने कामापुरता एक घ्यावा, दिव्यांचे पैसे स्विचच्या दर्जावर घालावेत आणि तो दहा वर्षे वापरावा. कळफलकाशेजारी खाऊ नये. फरसाणाचा कण कळांमध्ये पडला की मुंग्या येतात, आणि पुढच्या दाबाखाली काय चिरडले जाते ते दिसतही नाही. जयणेचा नियम येथेही लागू आहे. आठवड्यातून एकदा मऊ ब्रशाने, हलक्या हाताने फटी झाडाव्यात. ज्ञानपंचमी-श्रुतपंचमीला ग्रंथांची धूळ झटकताना याचीही झटकली, तर ते यथोचितच होईल.