रविवार ६५ हजारांचा



या वीकेंडचा विषय जरा श्रीमंती आहे. स्पोर्ट्स कार. दोन दारं, दोन सीट, जमिनीला टेकायला आलेलं पोट आणि किंमत एक कोटीच्या आसपास. प्रश्न असा की ती विकत घ्यावी की लीजवर. (हसू नका. बोईसरला राहतो म्हणून काय झालं?)

गाडी मी घेत नाहीये, हे आधीच सांगून टाकतो. घेतोय माझा एक मित्र. शाळेपासूनचा, बोईसरचाच, इंजिनिअरिंगलाही एकाच बेंचवर. त्याच्या कंपनीने कर्मचाऱ्यांचे ईसॉप्स परत विकत घेतले आणि साहेबांच्या खात्यात एकरकमी पन्नासेक लाख आले. आई म्हणते फ्लॅट घे. हा म्हणतो गाडी. गेले दोन महिने रोज रात्री मला एक एक्सेल शीट येते, एका टॅबवर 'बाय', दुसऱ्यावर 'लीज'. दोन्हीकडे शेवटची बेरीज जवळपास सारखीच येते आणि मग तो विचारतो, "आता सांग."

माझ्या बाबांना विचारलं तर त्यांनी एका वाक्यात निकाल लावला. "अरे, भाड्याचीच घ्यायची तर टॅक्सी काय वाईट?" बाबा टॅप्समधून रिटायर झालेले. फ्रिजपासून स्कूटरपर्यंत सगळं रोख आणि स्वतःच्या नावावर. त्या पिढीला लीज म्हणजे भाडं, आणि भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा. मी म्हटलं, "बाबा, अख्खी तारापूर एमआयडीसी लीजवर उभी आहे." खरंच आहे ते. एमआयडीसी प्लॉट विकत नाही, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. इथला कोट्यधीश कारखानदारही कागदोपत्री भाडेकरूच. बाबा म्हणाले, "जमीन वाढते रे. गाडी वाढते का?"

हा मुद्दा बिनतोड आहे. माझ्या मित्राच्या एक्सेलमध्ये तो कुठेच नव्हता.

आता लीज म्हणजे नक्की काय ते थोडक्यात. लीज कंपनी गाडी घेते आणि तीन-चार वर्षांनी तिची किंमत काय उरेल याचा अंदाज बांधते. मधली जी घसरण, ती अधिक व्याज, अधिक तिचा नफा, भागिले महिने. झालं भाडं. बऱ्याचदा विमा आणि सर्व्हिसिंग त्यातच धरलेलं असतं. वर्षाला किती किलोमीटर चालवायची याला मर्यादा असते, वर गेलात तर प्रत्येक किलोमीटरला पैसे. भाड्यावर जीएसटी लागतो आणि तो गाडीला लागतो त्याच दराने, म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना ४० टक्के.

मग लोक लीज घेतात कशाला? टॅक्ससाठी. नोकरदाराने कंपनीमार्फत लीज घेतली की भाडं पगारातून करापूर्वी जातं आणि गाडीचा फायदा म्हणून एक ठरावीक रक्कमच उत्पन्नात धरली जाते. १९६२ च्या आयकर नियमांत ही रक्कम १.६ लिटरच्या वरच्या इंजिनला वर्षानुवर्षं महिन्याला २४०० रुपये होती, ड्रायव्हर असेल तर आणखी ९००. मग गाडी १५ लाखांची असो की कोटीची. (नवा आयकर कायदा २०२५ मध्ये मंजूर झालाय, तेव्हा ताजे आकडे आपापल्या सीएला विचारा.) पण गंमत अशी की कंपन्या ग्रेडनुसार गाडीच्या किमतीला मर्यादा घालतात. आमच्या वयाच्या इंजिनिअरच्या मर्यादेत सेदान बसते, कोटीची गाडी बसत नाही. म्हणजे मित्राला लीज घ्यायची तर स्वतःहून, खासगी. आणि नोकरदाराने अशी लीज घेतली की टॅक्सचा फायदा शून्य. एक्सेलमधला 'लीज' टॅब तिथेच निम्मा मेला.

आता 'बाय' टॅब. हिशोब सोपा पडावा म्हणून एक्स-शोरूम किंमत बरोबर एक कोटी धरू. महाराष्ट्रात पेट्रोल गाडी व्यक्तीच्या नावावर असेल आणि २० लाखांच्या वरची असेल तर रोड टॅक्स १३ टक्के. पण गाडी कंपनीच्या नावावर किंवा आयात केलेली असेल तर सरसकट २०. स्पोर्ट्स कार बहुतेक बाहेरूनच तयार होऊन येतात, म्हणजे २० लाख गेले. (या टॅक्सची कमाल मर्यादा जुलै २०२५ मध्ये २० लाखांवरून ३० लाखांवर नेली. आपल्याला त्याचा उपयोग नाही, तेवढे श्रीमंत आपण नाही.) दहा लाख भरून ९० लाखांचं कर्ज काढलं, पाच वर्षं, ९ टक्के, तर हप्ता येतो एक लाख ८७ हजार. चार वर्षांत नुसतं व्याज २१ लाख. चार वर्षांनी गाडी अर्ध्या किमतीला गेली असं समजू, हा माझा अंदाज, म्हणजे ५० लाख तिथे गेले. ५० अधिक २० अधिक २१. एक्क्याण्णव लाख. विमा, टायर, सर्व्हिसिंग, पेट्रोल यात नाही.

आता ही गाडी चालवणार कधी? मित्र सोमवार ते शुक्रवार मुंबईला जातो, तोही डहाणू लोकलने, पास काढून. (पास म्हणजे लीजच की. लोकल स्वतःच्या नावावर असावी असं अजून कुणाला वाटलेलं नाही.) शनिवारी झोपतो. उरला रविवार. जून ते सप्टेंबर विसरा, आपल्याकडच्या पावसात आणि खड्ड्यांत ती गाडी बाहेर काढणं म्हणजे तिला शिक्षा. राहिले वर्षाला ३५ रविवार. वर्षाचे पावणेतेवीस लाख भागिले ३५.

एका रविवारचे ६५ हजार.

हा आकडा पाठवल्यावर त्याचा पहिल्यांदाच रिप्लाय आला नाही. एरवी दोन मिनिटांत स्मायली येतो.

आणि त्या रविवारी जाणार कुठे? बोईसरहून चिल्हार फाट्याला निघा किंवा पालघरहून वाघोबा घाट उतरून मनोरला. स्पीडब्रेकर, एमआयडीसीचे टँकर, मध्येच थांबणाऱ्या रिक्षा. पोट घासत घासत हायवेला लागलात की कायदेशीर वेग १००. ही गाडी तो चार-पाच सेकंदांत गाठते. म्हणजे कोटीची मजा चार सेकंदांत संपली, पुढे सगळ्यांसारखंच. समृद्धीवर १२० ची परवानगी आहे, आणखी एखादा सेकंद मिळेल. आपल्या याच हायवेवर, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर, ४ सप्टेंबर २०२२ ला सायरस मिस्त्रींची गाडी धडकली. ती मर्सिडीज होती. मागे बसलेल्या दोघांनी सीटबेल्ट लावला नव्हता आणि दोघेही गेले. त्या पुलावरून आम्ही लहानपणापासून महालक्ष्मीच्या जत्रेला जातोय. तिथून जाताना मी आजही मागे वळून सगळ्यांचे बेल्ट बघतो. गाडी किती महाग आहे हे रस्ता विचारत नाही.

पण हे सगळं बाजूला ठेवलं तरी माझा खरा आक्षेप वेगळा आहे, आणि तो आपल्या धंद्याशी संबंधित आहे. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असं जाहीर केलं. ज्या कंपनीत चिकटलं की घरचे पेढे वाटायचे ती कंपनी. मग बाकीच्यांचं काय बोलावं? अशा वेळी 'महिन्याला किती' हा प्रश्न दुय्यम होतो. पहिला प्रश्न असा की पगार थांबला त्या दिवशी यातून बाहेर पडायला किती लागतात?

लीज इथे फसवते. ती हलकी वाटते, डाउन पेमेंट नाही, 'नको झाली तर परत करा' असं सेल्समन म्हणतो. कागद वाचा. मुदतीआधी परत करायची तर दंड असतो, कधीकधी उरलेल्या भाड्याचा मोठा भाग एकदम मागतात. कंपनीमार्फत घेतली असेल तर नोकरी सोडताना एकतर नव्या कंपनीने ती उचलायची, नाहीतर तुम्ही पैसे भरून सोडवायची. म्हणजे नेमका पगार बंद झाला की एकरकमी पैसे काढा. कर्जाचंही फार बरं नाही. वरच्या उदाहरणात वर्षाअखेर ७५ लाख कर्ज शिल्लक असतं. त्या दिवशी गाडीला ६५ लाखच मिळाले तर दहा लाख खिशातून घालून गाडी विकायची. तरी विकता येते, स्वतःच्या मर्जीने, एवढा फरक. म्हणून दोनच पर्याय असतील तर मी लीजच्या विरुद्ध आहे.

दोनच पर्याय आहेत असं कुणी सांगितलं, हा माझा मित्राला प्रश्न.

सचिनची फेरारी आठवते? डॉन ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केल्याबद्दल २००२ मध्ये फियाटने दिलेली ३६० मोडेना, शूमाकरच्या हस्ते. आयातशुल्क माफ करायचं ठरलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं आणि शेवटी एक कोटीहून जास्त शुल्क फियाटने भरलं. भेट म्हणून मिळालेली गाडीही फुकट पडत नाही ती अशी. २०११ मध्ये ती सचिनने सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली. मला या गोष्टीत कायम तो सुरतवाला हुशार वाटत आलाय. शुल्क भरून झालेलं, वादही संपलेला, पहिली नऊ वर्षं दुसऱ्याकडे गेलेली, आणि गाडी सचिनची!

माझं मत हेच आहे. किंमत पडायची ती दुसऱ्याच्या अंगणात पडू द्या. तीन-चार वर्षं जुनी, मुंबईतल्याच कुणाची तरी, रोख घ्या. हप्ता नाही, भाडं नाही, नोकरी गेली तर गाडी दारात उभी राहते आणि त्रास फक्त डोळ्यांना. पन्नास लाख रोख नसतील किंवा ते गेल्यावर घरात वर्षभराचा खर्च उरत नसेल, तर मग ही गाडी अजून आपली नाही. पिवळ्या अक्षरांच्या काळ्या पाटीची सेल्फ-ड्राइव्ह गाडी दोन दिवसांसाठी मिळते, ती घ्या. वर्षातून तीनदा घेतलीत तरी वरच्या हिशोबापुढे किरकोळ.

जुन्या गाडीची भीती मला मान्य आहे. वॉरंटी संपलेली, पार्ट बाहेरून येणार, सर्व्हिसला मुंबई गाठायची आणि वर आमच्याकडची खारी, केमिकलची हवा. म्हणून रिपेअरसाठी वेगळे पैसे बाजूला ठेवायचे, ते नसतील तर हाही पर्याय बाद. मित्राचं म्हणणं, "तुझ्या हिशोबात मजा कुठे आहे?" प्रश्न बरोबर आहे. त्याने आठवीत वहीच्या मागच्या पानावर काढलेली लाल गाडी मी पाहिलेली आहे. त्याला गाडी मिळावी असंच मला वाटतं, फक्त तिच्यासाठी त्याने पाच वर्षं मॅनेजरला घाबरून राहू नये.

शेवटची बातमी अशी की शीटला आता तिसरा टॅब आलाय, 'जुनी'. त्यात दिल्लीची एक गाडी आहे, सहा लाखांनी स्वस्त. मी त्याला लिहिलंय की दुसऱ्या राज्यातली गाडी इथे १२ महिन्यांच्या वर ठेवायची तर एनओसी आणून नवा नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा टॅक्स भरावा लागतो, तो सहा लाखांत धर. शिवाय खालून घासलेली आहे का ते लिफ्टवर चढवून बघ, विम्याचे जुने क्लेम माग, सर्व्हिस रेकॉर्ड कंपनीकडून तपासून घे. पुढच्या शनिवारी मुंबईतल्या दोन गाड्या बघायला जातोय. बाबाही येतो म्हणालेत.