भिंत परक्याची, चित्र आपलें

गेल्या महिन्यांत एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं जाण्याचा योग आला. घर भरलेलें, आजी-आजोबा, तीन भाऊ, त्यांचीं बायकामुलें असें बारा-तेरा माणसांचें कुटुंब अद्याप एका चुलीवर जेवतें. जेवणें आटोपून सुपारी चालली असतां थोरल्या भावांनीं विषय काढला. त्यांची धाकटी पुतणी यंदा पदवीची परीक्षा पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाली. तिच्यासाठीं एका चांगल्या कचेरींतील जागाही पाहून ठेविली होती. पण मुलगी म्हणते, मला भिंतींवर चित्रें काढण्याचा व्यवसाय करावयाचा आहे. "कागदावर काढते तें आम्हांला समजतें हो," थोरले भाऊ म्हणाले, "पण भिंतीवर! आणि तीही लोकांच्या! तुम्हीच तिला समजावून सांगा." मुलगी दाराशीं उभी होती. ती एवढेंच म्हणाली, "काका, समजावून सांगा, पण आधीं समजून तर घ्या."

हा टोला काकांप्रमाणें आम्हांसही लागला. त्या दिवशीं गुळमुळीत कांहीं तरी बोलून आम्ही उठलों खरे; पण घरीं आल्यावर समजून घेण्यास आरंभ केला. त्याचें फळ तें आजचें हें हितगुज.

प्रथम एक गोष्ट कबूल केली पाहिजे. भिंतीवरील चित्र आपल्या घरांना परकें कधींच नव्हतें. लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर गजानन, दोहों बाजूंस हत्ती आणि भालदार-चोपदार रंगविल्यावांचून मांडवास शोभा येत नसे. वाईजवळ मेणवली येथें नाना फडणविसांचा वाडा आहे; त्याच्या भिंतींवरील चित्रें पाहावयास आजही लोक जातात. तेव्हां भिंतीवर चित्र असावें, ह्याविषयीं आपलें कधींच दुमत नव्हतें. चितारी मात्र दुसऱ्याच्या घरचा असावा, अशी आपली समजूत! मुलीच्या काकांच्या मनांतील अडचण पोटाची आहे त्याहून अधिक ह्या समजुतीची आहे, असें आम्हांस वाटतें. परंतु पोटाचा प्रश्न खोटा नाहीं, म्हणून त्याचाच विचार आधीं करूं.

भित्तिचित्रकार आणि कागदावर किंवा कापडावर काढणारा चित्रकार यांत मोठा भेद हा कीं, दुसऱ्याचें चित्र विकलें न गेलें तर तें घरीं राहतें; पहिल्याचें चित्र प्रथमपासूनच परक्या घरीं असतें. भिंत दुसऱ्याची, चुना दुसऱ्याचा, छप्पर दुसऱ्याचें. ह्या एका गोष्टींतून त्या व्यवसायाचे सर्व गुण आणि सर्व धोके निघतात. ज्याला ही गोष्ट उमगली तो टिकतो. ज्याला केवळ चित्र काढतां येतें, तो दोन पावसाळ्यांत थकतो.

प्रथम भिंतीचें ज्ञान. ओल्या गिलाव्यावर चित्र काढण्याची जी जुनी रीत आहे, तींत चुना चांगला मुरवून, दिवसभरांत रंगवून होईल तेवढाच गिलावा लावावयाचा आणि तो ओला आहे तोंच पाण्यांत कालविलेला रंग त्यावर द्यावयाचा. पुढें हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायु शोषून चुना पुन्हां दगडासारखा होतो आणि रंगाचे कण त्यांत अडकून बसतात. येथें खळ नाहीं, डिंक नाहीं; भिंतच रंगाला धरून ठेवते. पण चुन्याला न सोसणारा रंग येथें चालत नाहीं. गेरू, पिवळी माती, हिरवी माती असे मातीचे रंग उत्तम. जयपूरच्या कारागिरांच्या पद्धतींत तर हा गिलावा अकीकाच्या दगडानें घोटून आरशासारखा करतात. उलट अजिंठ्याच्या लेण्यांत माती आणि तूस यांच्या लेपावर चुन्याचा पातळ हात देऊन, तो सुकल्यावर डिंकासारख्या पदार्थांत कालविलेले रंग दिलेले आहेत. आज बाहेरच्या भिंतींवर बहुधा ॲक्रिलिकचे तयार रंग वापरतात. साधनें बदललीं तरी शत्रू बदलला नाहीं. तो शत्रू म्हणजे ओल. भिंतीला लोणा लागला कीं उत्तमांतल्या उत्तम चित्राचे पोपडे सुटतात, आणि लोक गवंड्याला नव्हे, चिताऱ्याला बोल लावतात.

दुसरी गोष्ट, हें काम एकट्याचें नव्हे. मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयांत १९२० सालीं कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांनीं भित्तिचित्रणाचा वर्ग काढला. त्या विद्यालयाच्या चित्रकारांना पुढें त्याच दशकाच्या अखेरीस नव्या दिल्लीच्या सचिवालयांतील दालनें सजविण्याचें काम मिळालें. आपले रावबहादुर धुरंधर त्यांत होते. वर्ग निघाला म्हणून हात तयार झाले, आणि हात तयार होते म्हणून काम आलें, हा क्रम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. बडोद्याच्या कीर्तिमंदिराचें उदाहरण ह्याहून बोलकें. सयाजीराव महाराजांनीं उभारलेल्या त्या वास्तूच्या भिंती शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनीं १९३९ ते १९४६ ह्या काळांत रंगविल्या. गंगावतरण, मीराबाईचें चरित्र, महाभारतांतील युद्ध असे विषय. एवढ्या थोर कलावंतानेंही तें काम शिष्यांना हाताशीं घेऊन, अनेक खेपा करून पुरें केलें. त्यांचेच शिष्य विनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टि जन्मापासून अधू. तरी त्यांनीं १९४६-४७ मध्यें शांतिनिकेतनच्या हिंदी भवनांत मध्ययुगीन संतांचें विशाल भित्तिचित्र रंगविलें, तेंही विद्यार्थ्यांच्या साह्यानें. पुढें त्यांची दृष्टि सर्वस्वी गेली. तरीसुद्धां १९७२ सालीं त्यांनीं फरशांचें एक भित्तिचित्र करविलें. डोळे नसतांना हें घडलें, तें सोबतच्या हातांमुळेंच.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मुलीला ह्या व्यवसायाची अर्धी विद्या घरींच मिळालेली असते, असें आम्ही थट्टेनें म्हणत नाहीं. परांचीवर चढणाऱ्या मजुराशीं आदबीनें बोलणें, मदतनिसाची मजुरी वेळेवर देणें, मालकाचा लहरी बेत हंसून ऐकून घेणें आणि तरी आपल्या चित्राचा कणा न मोडूं देणें, हें बारा माणसांच्या स्वयंपाकघरांत जसें शिकतां येतें तसें दुसरीकडे क्वचितच.

आतां पैशाचें. हें काम बहुधा चौरस फुटाच्या हिशेबानें ठरतें, आणि येथेंच नवशिके फसतात. भिंतीची डागडुजी, प्राथमिक हात, रंग, परांचीचें भाडें, मदतनीस आणि प्रवास हीं कलमें वजा गेल्यावर जें उरतें तें चित्रकाराचें. आधीं हिशेब न केल्यास कांहींच उरत नाहीं. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने बाहेरच्या भिंती बंद. तेव्हां शाळा, रुग्णालयें, उपाहारगृहें आणि घरें यांतील आंतलीं कामें त्या दिवसांसाठीं राखावीं लागतात. आरंभींच्या वर्षांत जोडधंदा असणें कमीपणाचें नाहीं. मकबूल फिदा हुसेन यांनीं उमेदवारीच्या काळांत मुंबईंत सिनेमाचे भव्य फलक रंगवून गुजराण केली. मोठ्या आकाराचें भय तेथेंच मोडलें असावें. पुढें त्यांच्याच हातून टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील पंचेचाळीस फूट लांबीचें भित्तिचित्र झालें. पोटासाठीं केलेलें काम हातासाठींही उपयोगी पडतें, तें असें.

परंतु ह्या व्यवसायांतील खरें दुःख पैशाचें नाहीं. तें आहे चित्र नाहींसें होण्याचें. अमरनाथ सेहगल यांनीं दिल्लीच्या विज्ञान भवनाच्या भिंतीसाठीं ब्राँझचें प्रचंड भित्तिशिल्प घडविलें. तें १९६२ सालीं पुरें झालें. १९७९ मध्यें तें उतरवून कोठारांत टाकण्यांत आलें. शिल्पकार न्यायालयांत गेले आणि २००५ सालीं दिल्ली उच्च न्यायालयानें उरलेले भाग त्यांस परत देण्याचा आणि पांच लाख रुपये भरपाईचा हुकूम दिला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमानें कलाकृति विकली गेल्यावरही कलावंताचा तिच्याशीं असलेला नैतिक संबंध तुटत नाहीं, हें त्या निकालानें दाखविलें. तथापि सर्व भार कायद्यावर टाकणें शहाणपणाचें नाहीं. एका पाडलेल्या वास्तूच्या बाबतींत २०१९ सालीं त्याच न्यायालयानें वास्तुशिल्पकाराचा दावा मान्य केला नाहीं. मालकाचा इमारतीवरील हक्क तेथें वरचढ ठरला.

मिथिलेच्या गंगादेवींची हकीकत तर मनाला चटका लावणारी आहे. लग्नघरांतील कोहबराची खोली रंगविण्याची कला त्या घरच्या वडीलधाऱ्या बायकांकडून शिकल्या. १९६६-६७ च्या दुष्काळांत तेथील स्त्रियांना भिंतीवरील चित्रें कागदावर काढण्यास प्रवृत्त करणारे भास्कर कुळकर्णी हे आपल्या मुंबईचे. गंगादेवींना १९८४ मध्यें पद्मश्री मिळाली. अखेरच्या वर्षांत कर्करोगाशीं झगडत असतां त्यांनीं दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयांत कोहबर-घर रंगविलें. १९९१ सालीं त्या वारल्या. आणि २०१५ च्या सुमारास संग्रहालयाच्या दुरुस्तींत तें कोहबर-घर नष्ट झालें. जें घर लोकांनीं जतन करण्यासाठीं म्हणून रंगवून घेतलें होतें, त्याची ही गत!

दुसऱ्यांस दोष देण्यापूर्वीं आमच्या घरची एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. आमच्या एक आत्याबाई लहानपणींच वैधव्य येऊन माहेरीं राहिल्या होत्या. दरसाल नागपंचमीस माजघराच्या भिंतीवर त्या नाग काढीत. हळूहळू नागांभोवतीं वेल आले, मोर आले, आणि एक-दोन वर्षांत सबंध भिंत भरून गेली. आमच्या थोरल्या बंधूंच्या लग्नापूर्वीं घराला रंग देतांना ती भिंत आम्हीच पांढरी करविली. आत्याबाईंना विचारावें, असें घरांतील एकाही माणसाच्या मनांत आलें नाहीं. त्या कांहीं बोलल्या नाहींत. पुढच्या नागपंचमीस त्यांनीं पाटावर चंदनानें पांच नाग काढले आणि उठल्या. भिंतीला त्यांनीं पुन्हां हात लाविला नाहीं. भिंत आमची होती, हें खरें. पण चित्र त्यांचें होतें, हें आम्हांस कळावयास फार वर्षें गेलीं.

म्हणून त्या मुलीस आमचें सांगणें असें. काम लहान असो वा मोठें, लिहून घ्यावें: भिंत कोणाची, डागडुजी कोणाकडे, इसार किती, उरलेली रक्कम कोणत्या टप्प्यांवर, चित्रावर नांव घालावयाचें कीं नाहीं, आणि चित्र काढून टाकावयाचें झाल्यास आधीं कळवावयाचें कीं नाहीं. चित्र पुरें होतांच त्याचीं उत्तम छायाचित्रें घ्यावीं; भिंत गेली तरी पुढचें काम त्यांवरच मिळतें. आणि इतकें करूनही चित्र गेलेंच, तर पुन्हां काढण्याचें बळ ठेवावें. के. जी. सुब्रमण्यन यांनीं शांतिनिकेतनच्या एका इमारतीवरील आपलें काळें-पांढरें भित्तिचित्र पंचाऐशीच्या घरांत असतां पुन्हां नव्यानें रंगविलें.

वडीलधाऱ्यांस आमचें सांगणें ह्याहून थोडें. मुलीची परीक्षा बक्षिसांवरून घेऊं नका. तिला भिंत कळते कीं नाहीं, हिशेब येतो कीं नाहीं आणि चारजणांना घेऊन काम करतां येतें कीं नाहीं, एवढें पाहा. शिकण्याची सोय मुंबईस आहे, बडोद्यास आहे, शांतिनिकेतनांत आहे. राजस्थानांतील बनस्थळी विद्यापीठ तर केवळ मुलींचें असून तेथें देवकीनंदन शर्मा यांनीं भित्तिचित्रणाचीं शिबिरें चालू केलीं. शिक्षणानंतर तीन वर्षें धीर धरा. कचेरींतली जागा पुन्हां मिळूं शकते. मन उठलें तर तें परत येत नाहीं. हें आम्ही आत्याबाईंवरून सांगतों.

ह्या आशयाचें पत्र आम्ही स्नेह्यांस पाठविलें. आठ दिवसांनीं थोरल्या भावांचें उत्तर आलें. ते लिहितात, "जिन्याशेजारची भिंत तिला देऊं केली. वाटलें, लगेच रंग घेऊन बसेल. तिनें दोन दिवस नुसती भिंत ठोकून पाहिली, आणि मग अंदाजपत्रक आणून दिलें. त्यांत पहिलें कलम नळदुरुस्तीचें आहे! म्हणते, पलीकडच्या न्हाणीघराची ओल आधीं काढा, मग भिंत सुकूं द्या, चित्राचें नांव त्यानंतर. दहा वर्षें आम्ही त्या ओलीवर नुसता चुना फांसत होतों. नळवाल्यास उद्यां बोलाविलें आहे. इसार किती द्यावा, तें कळवावें."

आम्ही उलट टपालीं कळविलें कीं, तें आम्हांस नव्हे, तिलाच विचारावें.